माळावर हरवलेलं हरिकेन

गहिनीनाथ: आरं, सांगतो ना, त्या बाभळीच्या पल्याड उतरलं.

नृसिंह: मघाशी लिंबाच्या पलीकडे म्हणालास.

गहिनीनाथ: तवा आपन लिंबाजवळ हुतो.

नृसिंह: म्हणजे आपण जिथे जाऊ, त्याच्या पुढच्या झाडामागे विमान. असं आपण करंजीचा घाट ओलांडून नगरला पोचू.

गहिनीनाथ: नगरात च्या तरी मिळंल. नरसू, जरा बसू का? गुडघं बोलाय लागलं.

नृसिंह: बसायचं नाही. ऊन चढलं की मला काही दिसणार नाही, आणि तुला तर आत्ताच दिसत नाही. शेवटचं तू बघितलंस तेव्हा ते कुठे होतं?

गहिनीनाथ: बघितलं? तू बघू दिलंस का? वरनं मातीचा रंग, त्यात हिरवं पट्टं. खालनं आभाळाचा रंग. वर गेलं की आभाळात गायब, खाली आलं की रानात गायब. उडवनाऱ्यानं बघायचं तरी काय?

नृसिंह: ते लढाऊ विमान आहे. हरिकेन. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पोरांनी ब्रह्मदेशावर उडवलंय. शत्रूला दिसू नये म्हणून त्याला असाच रंग द्यायचे.

गहिनीनाथ: मग झालं की तुझ्या मनासारखं. आता शत्रूलाबी दिसंना आन मालकालाबी दिसंना. मी किती येळा म्हनलं, आपल्या एसटीचा लाल दे. कोसावरनं कळतं, गाडी आली.

नृसिंह: लाल हरिकेन! पुढे पाटी पण लावायची का, पाथर्डी–नगर, मार्गे तिसगाव?

गहिनीनाथ: लावली असती तर कुनीबी आनून दिलं असतं.

नृसिंह: गहिन्या, खरं सांग. डोंगराकडे कशाला नेलंस? मी हातातून सोडताना बजावलं होतं, डोक्यावर दोन गिरक्या आणि खाली.

गहिनीनाथ: दोनच गिरक्या मारल्या. दुसरी जरा मोठी झाली. मग ते येतंय का जातंय, तेच कळंना. तूच शिकवलेलं ना, कळंनासं झालं की मोटार बंद. केली बंद.

नृसिंह: मोतीबिंदू पिकलाय तुझा.

गहिनीनाथ: एकाच डोळ्यातला.

नृसिंह: आणि नेम धरताना दुसरा डोळा मिटून घेतोस.

गहिनीनाथ: सवय हाय. हे बघ, मला नावं ठेवू नकोस. सगळी नोकरी एसटी चालवली, एक कोंबडी माझ्या चाकाखाली आली न्हाई.

नृसिंह: एसटी जमिनीवर होती म्हणून. माझी विमानं आठव. एक विहिरीत. एक विजेच्या तारेवर. एक सरपंचाच्या पोरीच्या लग्नात, नेमकं जिलबीच्या कढईत.

गहिनीनाथ: कढईच्या बाजूला. उगं वाढवू नकोस. आन पडली म्हनू नये, उतरली म्हनावं. जरा जोरात उतरली.

नृसिंह: तू जोरात उतरवायचास आणि मी महिनोन्महिने कागद चिकटवत बसायचो. या वेळी ते चालणार नाही. परवा सकाळी टेम्पो येतोय. घरातलं सगळं सामान बांधून झालं. कामाचं टेबल वाचनालयाला देऊन टाकलं. राहिलंय ते एवढं विमान. धड सापडलं तर मांडीवर घेऊन पुण्याला न्यायचं.

गहिनीनाथ: आन मोडकं सापडलं तर?

नृसिंह: तर काय?

गहिनीनाथ: न्हाई, आपलं इचारलं. मोडकं इमान घेऊन लेकीच्या दारात कसं जानार? बरं दिसत न्हाई. जोडूनच जावं लागंल. टेबल काय, माघारी मागता यील. म्हंजी महिना दोन महिने तरी तुला हितंच…

नृसिंह: तू खूश दिसतोयस.

गहिनीनाथ: मी? माझ्या काळजाचं पानी झालंय. बघ, हे बघ तोंड.

नृसिंह: विमान दिसेनासं झाल्यापासून तू शीळ घालतोयस.

गहिनीनाथ: ती दम लागल्याची.

भागूबाई: ओ बाबाऽ! काय हुडकताय? तिकडं हरबरा हाय, तुडवू नका!

गहिनीनाथ: राम राम मावशे! इमान हुडकतोय!

भागूबाई: काय हुडकताय?

गहिनीनाथ: इमान! उडायचं!

भागूबाई: आगं बया. येवढ्या सकाळी घेतलीय व्हय?

नृसिंह: नाही हो बाई, तसलं काही नाही. लहान विमान आहे, लाकडाचं. रिमोटवर उडतं. मी नृसिंह, तिसगावचा. कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. हा माझा शाळेतला दोस्त, गहिनीनाथ. एसटीत ड्रायव्हर होता.

भागूबाई: म्हंजी खेळन्यातलं इमान.

नृसिंह: खेळण्यातलं नाही. खऱ्या विमानावरून हुबेहूब…

गहिनीनाथ: व्हय मावशे, खेळन्यातलं.

भागूबाई: आन नातू कुटं हाय?

गहिनीनाथ: कुनाचा?

भागूबाई: ज्याचं खेळनं हाय त्यो.

गहिनीनाथ: त्यो हाच. ह्यो म्हातारा.

भागूबाई: असू दे, असू दे. आमच्या घरचंबी हयातीत असताना भवरा खेळायचं. म्या भागूबाई. ह्यो हरबरा माझा न् त्या शेळ्याबी माझ्या. तुमचं इमान येवढाल्या पंखाचं हाय का? दोन्ही हात पसरल्यावानी?

नृसिंह: हो! तुम्ही बघितलंत?

भागूबाई: मगाशी डोक्यावरनं घार गेली. पंख हलवंना, निसती सूं करत गेली. शेळ्या उधळल्या. म्या म्हनलं, ही घार कसली, हिला हाडबी न्हाई न् मासबी न्हाई.

गहिनीनाथ: कुटं गेली?

भागूबाई: त्या खळग्याकडं, कुसळी गवतात. शेळ्या आदी पळाल्या, मग तिकडंच गेल्या. शेळीची जातच तसली. ज्याला भ्याली, त्याला हुंगून आल्याबिगर ऱ्हात न्हाई. चला, दावते. बांधावरनं या, हरबरा सोडून.

नृसिंह: खळगा म्हणजे दगड असतील.

भागूबाई: दगूड हाय, गवातबी हाय. ज्याचं जसं नशीब. लई महागाचं हुतं का?

नृसिंह: महागाचं नाही. जुनं. माझ्या मेव्हण्याने विलायतेहून पेटी आणली होती. लीना, म्हणजे माझी बायको, नव्याने घरात आली होती तेव्हा. पेटीत बाल्सा नावाच्या झाडाच्या पट्ट्या. इतकं हलकं लाकूड, फुंकर मारली की उडून जाईल. आणि एक मोठा नकाशा. त्यावर एकेक फासळी कापून मांडायची, चिकटवायची, वरून पातळ कागद मढवायचा. बाकीची विमानं मी इथल्याच सामानाची केली. ही पेटी मात्र उघडायला धीर होत नव्हता. नोकरी संपली तेव्हा उघडली. लाकूड पिवळं पडलं होतं, नकाशाला कसर लागली होती.

भागूबाई: येवढं जीव लावून केलं, मग ह्यांच्या हातात कशापाई दिलं?

गहिनीनाथ: मावशे!

भागूबाई: मगाधरनं ऐकतेय मी बांधावरनं, कशाचं ते उमगत नव्हतं. इहिरीत, तारंवर, जिलबीत.

नृसिंह: मला उडवता येत नाही. म्हणजे उडवावंसं वाटत नाही. आपण केलेलं आपल्याच हातून पडलं तर रागवायचं कुणावर?

गहिनीनाथ: बघा. ह्याला रागवायला मानूस लागतंय, म्हनून मी. ह्याची पयली ओळख सांगू का? म्हंजी शाळा सुटल्यावर पुन्यांदा झालेली. ह्यो माझ्या गाडीत चढला, काखंत ह्येवढा लांब पंख, कागदात गुंडाळलेला. कंडक्टर म्हनला, ह्याचं हाफ तिकीट काढा. ह्यो म्हनला, पंखाला तिकीट कसलं, तो बसणार कुठे? अर्धा तास भांडान. गाडी उभी. शेवटी म्या पंख माझ्या शिटामागं आडवा ठेवला न् गाडी हानली.

नृसिंह: आणि घाटात ब्रेक मारून मोडलास.

गहिनीनाथ: म्हस आडवी आली हुती! म्हशीला वाचवलं ते न्हाई सांगत.

भागूबाई: आन आता परवा निगाले म्हनं पुन्याला. कायमचं?

नृसिंह: लेक तिकडे असते, अनन्या. नातीला सांभाळायला लीना गेली ती तिकडेच राहिली. आता मीही जातो. फ्लॅट लहान आहे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, घरात वास येईल असं काही करायचं नाही. पण छताला पाळण्याचा हूक आहे. नात आता पाळण्यात मावत नाही. त्या हुकाला हे टांगायचं.

गहिनीनाथ: इमान टांगायचं! पाळन्यावानी! ऐका मावशे. लढाईतलं इमान म्हनं, न् खालनं ह्यो दोरी वढनार.

नृसिंह: तुझ्या हातात देण्यापेक्षा बरं.

भागूबाई: माझा ल्योक न् सून उसतोडीला गेल्यात, श्रीरामपूरकडं. पाडव्यापतुर येत्याल. तवर मी न् ह्या शेळ्या. सुरवातीला घर खाया उठायचं. आता बोलते शेळ्यांसंगं. ऐकून घेत्यात, उलटून बोलत न्हाईत. तुमचं काय वं ड्रायव्हर? जोडीदार गेल्यावर काय करनार?

गहिनीनाथ: मला काय धाड भरलीय. मारुतीच्या पारावर बसीन. पेपर वाचीन.

नृसिंह: एका डोळ्याने.

गहिनीनाथ: मोठी अक्षरं वाचीन.

भागूबाई: शेळी पाळा एकांदी.

गहिनीनाथ: शेळीला रिमोट असतो का?

भागूबाई: कान असत्यात. धरायचं न् फिरवायचं. ए चिंगेऽ, हाईक! ती बगा, ती पांढऱ्या कपाळाची, लई द्वाड हाय. आन तिच्याम्होरं ते काय हाय?

नृसिंह: कुठे?

भागूबाई: ते काय. गवतात नाक वर करून बसलंय.

नृसिंह: थांबा. कोणी हलू नका. गहिन्या, जागचा हलू नकोस, तू पाय देशील. मी जातो… नाक धड आहे. पंखा धड. डावा पंख धड. उजवा… उजवाही धड. अरे, चाकांवर उभं आहे!

गहिनीनाथ: चाकांवर?

नृसिंह: दोन्ही चाकांवर! गवतावर अलगद टेकलंय. ओरखडा नाही! गहिन्या, आयुष्यात पहिल्यांदा तू विमान उतरवलंस!

गहिनीनाथ: नीट बघ.

नृसिंह: बघतोय की.

गहिनीनाथ: पोटाखालनं बघ. कुटं तरी तडा असंल. बारीक असंल, पन असंल.

नृसिंह: नाही रे. दगड हातभर अंतरावर आहे, त्यालासुद्धा चुकवलंस.

गहिनीनाथ: घ्या. कवा न्हाई ते एक काम नीट जमलं, तेबी आज.

भागूबाई: आवं, पन त्येला शेपूट नसतंय का?

नृसिंह: असतं की. मागे बघा, आडवं एक आणि उभं… शेपूट कुठंय?

(चिंगी चघळत राहते.)

भागूबाई: आगं गं गं गं! चिंगे! सटवे! सोड! थुक! थुक म्हनते ना! काय खाल्लंस, मुडदा बशिवला तुजा!

नृसिंह: कागद गेला. सगळा गेला. आडव्या शेपटाच्या फासळ्याही गेल्या. उभ्याचा निम्मा तोंडात आहे अजून.

भागूबाई: बाबा, इखारी हाय का ओ त्यो कागूद? माझी शेळी गाभन हाय!

नृसिंह: विषारी नाही. घाबरू नका. कागद गव्हाच्या खळीने लावलाय.

भागूबाई: गव्हाची खळ? पिठाची? आवं, कागदाला पीठ लावून शेळीम्होरं ठिवलं, मग ती काय करंल? हात जोडंल?

गहिनीनाथ: मग पंखाचं का न्हाई खाल्लं हिनं? सगळीकडं तीच खळ.

नृसिंह: बाकी सगळ्याला वर वार्निश दिलंय, त्याचा वास तिला आवडला नसणार. शेपटाला नाही दिलं.

गहिनीनाथ: का न्हाई?

नृसिंह: या विमानाचं नाक आखूड. शेपूट जरा जड झालं की विमान नाक वर करतं आणि दाणकन खाली येतं. शेपटाला चमचाभर वार्निश दिलं तर नाकात मूठभर शिसं भरावं लागतं. म्हणून म्हटलं, शेपूट हलकं ठेवू.

गहिनीनाथ: हलकं ठेवलंस न् चवदार बी.

नृसिंह: ग्रंथालयात पुस्तकं बांधायचो तेव्हा खळीत मोरचूद घालायचो. मग कसर लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. पण मोरचुदाने कागद निळसर होतो, वर मातीचा रंग खुलत नाही. म्हणून तेही घातलं नाही.

भागूबाई: मोरचूद? आवं, त्येनं शेळी आडवी झाली असती!

नृसिंह: झाली असती.

भागूबाई: मग झालं ते लई बेस झालं. तरीपन माझ्या जनावरानं तुमचं नुस्कान केलं. व्याली की एक करडू न्या तुमी.

नृसिंह: करडू घेऊन पुण्यात तिसऱ्या मजल्यावर जाऊ?

भागूबाई: हुकाला बांधा की.

गहिनीनाथ: मावशे, करडू बिरडू काय नको. तुमच्या चिंगीचं तोंड सोन्यानं मढवलं पायजे. नरसू, काढ फोन. लाव अनन्याला. म्हनावं, टेम्पो नको धाडूस. शेपूट शेळीनं खाल्लं. आता फासळ्या कापायच्या, कागूद लावायचा, रंग द्यायचा. होळीपतुर काय हलता येत न्हाई. आन मी वाचनालयातनं टेबल आनतो, आजच आनतो, हातगाडी बघतो…

नृसिंह: परवाच जायचं, गहिन्या.

गहिनीनाथ: मोडकं घेऊन?

नृसिंह: लीना रोज रात्री फोन करते. जेवलास का विचारते. मी सांगतो, भाकरी, वांग्याची भाजी, ताक. आणि खात असतो खिचडी, तीही सकाळची. ती तिकडे हो म्हणते. तिला कळतं. कळतं हे मला कळतं. या विमानापायी खूप दिवस काढले असे. आधी पंख व्हायचेत, मग रंग व्हायचाय, मग वारा पडायचाय. आता तिला पुढची तारीख सांगायची मला लाज वाटते.

गहिनीनाथ: मग तसं सांगायचं ना आदी. मी उगंच…

नृसिंह: उगंच काय?

गहिनीनाथ: काय न्हाई.

नृसिंह: गहिन्या.

गहिनीनाथ: दुसरी गिरकी आपोआप मोठी न्हाई झाली. म्या नेलं डोंगराकडं. म्हनलं, आपटावं एकदा दगडावर. येवढं मोडावं, येवढं मोडावं की तुला पाडव्यापतुर हलता येऊ नये.

भागूबाई: आता गं बया.

नृसिंह: मग आपटलं का नाहीस?

गहिनीनाथ: जमंना. समोर डोंगूर आला न् हातच फिरला माघारी. मग खरंच दिसंना झालं. मोटार बंद केली, रिमोटची दांडी अशी अल्लाद धरली, बाळाच्या मानंखाली हात धरतात तशी, न् पंखाच्या सूं आवाजाच्या अंदाजानं आनत गेलो. दम रोखून. पयल्यांदा चाकांवर उतरलं, न् तेबी मला बघाय मिळालं न्हाई.

भागूबाई: म्या बगितलं की. लई झ्याक आली तुमची घार. बसली आपली कोंबडीवानी.

गहिनीनाथ: खरं?

भागूबाई: शेळीच्यान.

नृसिंह: धर.

गहिनीनाथ: काय?

नृसिंह: विमान. धर नीट, पंखाखालून. हे तुझ्याकडे राहील.

गहिनीनाथ: बिनशेपटाचं? मी काय करू ह्याचं?

नृसिंह: शेपूट कर.

गहिनीनाथ: मी? नरसू, माझी बोटं स्टेअरिंग धरून अशी झाल्यात. मला काय येतंय? मला पाडाया येतंय.

नृसिंह: तेही धड येत नाही, आज बघितलं की.

गहिनीनाथ: चेष्टा नको करूस.

नृसिंह: चेष्टा नाही. नकाशा ठेवून जातो, उरलेली लाकडं ठेवून जातो. टेबल आण वाचनालयातून. आधी नगरला जाऊन मोतीबिंदू काढून घे, फासळ्या कापायला डोळा लागतो. मग सावकाश कर. चुकलं तर दुसरी कापायची. मी पहिल्या विमानाला डावे पंखच दोन केले होते.

गहिनीनाथ: आन झाल्यावर? तू येनार न्यायला? हुकाला टांगायला?

नृसिंह: येईन. उडवायला.

गहिनीनाथ: कोन उडवनार?

नृसिंह: मी.

गहिनीनाथ: तू? जन्मात रिमोट हातात धरला न्हाईस! पाडशील!

नृसिंह: बहुतेक.

गहिनीनाथ: म्या राबून केलेलं शेपूट तू दगडावर आपटनार? गप बस. एक दांडी तू धर, एक मी धरतो. मावशे, हे गवात कापू नका हां. हितंच उतरवायचं.

भागूबाई: शेळ्या बांधून ठिवीन त्या दिशी. पन ड्रायव्हर, रंग तेवढा दिसंल असा द्या.

गहिनीनाथ: लाल देतो.

नृसिंह: लाल नाही.

गहिनीनाथ: शेपूट माझं हाय. तेवढं लाल.

नृसिंह: …बरं. तेवढंच. आणि वरून एक हात वार्निश. पातळ.

गहिनीनाथ: आन नाकात शिसं. ते आलं ध्यानात. नरसू, ती खळ कशी करायची? पानी उकळून त्यात पीठ सोडायचं का?

नृसिंह: नाही, नाही. गार पाण्यात पीठ कालवायचं, मग मंद आचेवर ठेवायचं. ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही.

गहिनीनाथ: आन गुठळी झाली तर?

नृसिंह: तर फोन कर.

गहिनीनाथ: आन न्हाई झाली तर?

नृसिंह: तरी कर.